अगस्त्याच्या शेजारची टक्कर

माघ महिन्यात रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले, आणि डोंगर किंवा इमारत आड आली नाही, तर व्याधाच्या बऱ्याच खाली, क्षितिजापासून फारसा वर न चढलेला, पण तेजाने आकाशात व्याधाच्या खालोखाल असलेला अगस्त्याचा तारा महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावातून दृष्टीस पडतो. त्याच्या डाव्या हाताला, किंचित खाली, हात लांब करून धरलेल्या तीन-चार बोटांच्या रुंदीइतक्या अंतरावर आकाशाचा एक तुकडा आहे, जेथे नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नाही. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत खगोलशास्त्रज्ञांनी ज्या मोजक्या जागांवर आपल्या उत्तमोत्तम दुर्बिणी पुनःपुन्हा रोखल्या, त्यांपैकी ही एक होय. कारण तेथे, इतक्या दूर की तेथून निघालेल्या प्रकाशाला आपल्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे साडेतीनशे कोटी वर्षे लागली, दोन दीर्घिकासमूह परस्परांवर आदळून परस्परांतून आरपार निघून गेलेले आहेत. शास्त्रीय दप्तरात या जोडीची नोंद ‘१ई ०६५७-५६’ अशी असून त्यातला ‘ई’ हा आइनस्टाइन नावाच्या जुन्या क्ष-किरण उपग्रहाची खूण आहे. बोलण्यात मात्र तिला सर्वत्र ‘बुलेट क्लस्टर’ म्हणतात, आणि बंदुकीच्या गोळीची ही उपमा कशी सार्थ आहे ते पुढे येईलच.

टक्कर म्हटली की ती घडताना पाहावी, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. येथे ती सोय नाही. अशी एक टक्कर सुरू होऊन पुरती निवळेपर्यंत अब्जावधी वर्षे जातात, आणि मनुष्यजातीचा सगळा ज्ञात इतिहास त्या हिशेबात डोळ्याचे पाते लवण्याइतकाही भरत नाही. म्हणजे आपल्या हाती लागते ते एकच निश्चल चित्र. आडरस्त्यावर रात्री अपघात व्हावा, पाहणारा कोणीही नसावा, आणि सकाळी जमलेल्या पंचांनी चाकांच्या खुणा, विखुरलेल्या काचा आणि वाहनांची तोंडे कोणत्या बाजूला वळली आहेत एवढ्यावरून कोण कोठून किती वेगाने आला याचा पंचनामा करावा, तसेच हे काम आहे. या पंचनाम्यातील चाकांच्या खुणा मुख्यतः क्ष-किरणांतच दिसतात, आणि ते किरण पकडण्यासाठी माणसाला पृथ्वी सोडून वर जावे लागले. ही गोष्ट आपल्या सुशिक्षित वाचकांच्या कानावर फारशी गेलेली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम दीर्घिकासमूह म्हणजे काय ते पाहू. आपली आकाशगंगा ही अब्जावधी ताऱ्यांची एक दीर्घिका. अशा शेकडो, कधी हजारांहून अधिक दीर्घिका परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधल्या जाऊन जो समुदाय होतो, तो दीर्घिकासमूह. भास्कराचार्यांनी लीलावतीत संख्यास्थानांची जी नावे दिली आहेत, त्यांत एकावर चौदा शून्ये या स्थानाला ‘जलधी’ आणि पंधरा शून्यांना ‘अंत्य’ म्हटले आहे. मोठ्या समूहाचे वस्तुमान सूर्याच्या एक जलधीपटीपासून एक अंत्यपटीपर्यंत असते, आणि गुरुत्वाकर्षणाने एकत्र धरून ठेवलेली याहून मोठी वस्तू विश्वात नाही. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञाने अरुंधतीकेश या तारकामंडलातील समूहाच्या दीर्घिकांचे वेग तपासले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की इतक्या वेगाने धावणाऱ्या दीर्घिकांना आवरून धरण्यास दिसणाऱ्या ताऱ्यांचे वजन अजिबात पुरेसे नाही. जमाखर्च जुळत नव्हता, आणि जुळवायचा तर न दिसणारी फार मोठी रक्कम जमेस धरणे भाग होते. या न दिसणाऱ्या ऐवजाला आज आपण कृष्णद्रव्य म्हणतो.

परंतु झ्विकींना ठाऊक नसलेली आणखी एक बाब समूहाच्या खात्यावर होती, आणि ती उघडकीस येण्यास पुढे सुमारे चाळीस वर्षे गेली. क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात. हे आपल्या प्राणांच्या दृष्टीने भाग्यच, पण ज्योतिषशास्त्राच्या दृष्टीने मोठा अडसर होता. १८ जून १९६२ रोजी रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथून उडवलेल्या एका अग्निबाणाने वातावरणाबाहेर काही मिनिटे काढली, आणि तेवढ्यात वृश्चिक राशीत क्ष-किरणांचा एक प्रखर उगम सापडला. त्यानंतर १२ डिसेंबर १९७० रोजी, केनियाच्या सातव्या स्वातंत्र्यदिनी, त्या देशाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातील तळावरून केवळ क्ष-किरणांच्या शोधासाठी वाहिलेला पहिला उपग्रह निघाला, आणि यजमान देशाच्या सन्मानार्थ त्याला ‘उहुरू’, म्हणजे स्वाहिली भाषेत ‘स्वातंत्र्य’, हे नाव मिळाले. उहुरूने दाखवून दिले की दीर्घिकासमूह क्ष-किरणांत उजळलेले आहेत, आणि तो उजेड एखाद्या बिंदूतून न येता समूहभर पसरलेला आहे. १९७६ साली ब्रिटनच्या एरियल-५ या उपग्रहाने ययाती मंडलातील समूहाच्या वर्णपटात अतितप्त लोहाची रेषा टिपली, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही: दीर्घिकांच्या मधल्या अंतराळात एक ते दहा कोटी अंश तापमानाचा वायू भरलेला आहे, आणि ताऱ्यांच्या पोटात शिजलेले लोहही त्यात मिसळलेले आहे.

हा वायू इतका विरळ आहे की एका घनमीटरात त्याचे जेमतेम हजारभर कण सापडावेत. आपल्या प्रयोगशाळांतली निर्वात पात्रे त्याच्यापुढे गच्च भरलेली म्हणावी लागतील. तथापि लक्षावधी प्रकाशवर्षांच्या विस्तारात तो भरलेला असल्याने त्याचे एकूण वजन समूहातील सगळ्या ताऱ्यांच्या वजनाच्या कितीतरी पट भरते. समूहाच्या वस्तुमानाचे शंभर भाग केले तर त्यांत ऐंशीहून अधिक कृष्णद्रव्याचे, बारा ते पंधरा या तप्त वायूचे, आणि दोन-चार काय ते ताऱ्यांचे. ज्याला आपण युगानुयुगे विश्वाचे वैभव समजत आलो, तो तारकांचा सारा संभार या हिशेबात किरकोळीत पडतो, हे प्रथम वाचले तेव्हा मी त्या आकड्यांशी बराच वेळ थांबलो होतो.

क्ष-किरणांची दुर्बीण साध्या दुर्बिणीसारखी करता येत नाही. समोरून पडणारा क्ष-किरण आरशावरून परत न फिरता त्यात घुसतो. चपटा दगड पाण्यात सरळ टाकला तर बुडतो, आणि पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असा तिरपा फेकला तर टप्पे घेत पुढे जातो; क्ष-किरणांचीही हीच रीत. म्हणून या दुर्बिणींचे आरसे थाळीसारखे नसून एकात एक बसवलेल्या नळकांड्यांसारखे असतात, आणि किरण त्यांच्या आतल्या भिंतींना निसटता स्पर्श करून केंद्राकडे वळतात. २३ जुलै १९९९ रोजी आयलीन कॉलिन्स यांच्या नेतृत्वाखाली कोलंबिया यानाने जी ‘चंद्रा’ दुर्बीण अवकाशात नेली, तिच्यात इरिडियमचा मुलामा दिलेल्या अशा आरशांच्या चार जोड्या आहेत. लाहोरात जन्मलेले, मद्रासेत शिकलेले आणि पुढे शिकागोत आयुष्य वेचलेले सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांचे नाव या दुर्बिणीला दिले आहे. तिची दृष्टी अर्ध्या विकलेइतकी सूक्ष्म आहे, म्हणजे एका अंशाच्या सात हजार दोनशेव्या भागाइतका भेद ती ओळखते. त्याच वर्षी डिसेंबरात युरोपने पाठवलेली ‘एक्सएमएम-न्यूटन’ तीक्ष्णतेत तिच्या मागे असली, तरी किरण गोळा करण्यात पुढे आहे. तिच्या तीन दुर्बिणींपैकी प्रत्येकीत अठ्ठावन्न आरसे एकात एक बसवलेले आहेत.

आता अगस्त्याच्या शेजारच्या त्या जागेकडे पुन्हा वळू. ‘चंद्रा’ने तेथे टिपलेले चित्र पाहिले, तर तप्त वायूचा एक मोठा विस्कटलेला पुंज दिसतो, आणि त्याच्या उजवीकडे बाणाच्या टोकासारखा एक लहान, तेजस्वी गोळा (हीच ती बंदुकीची गोळी), आणि त्याच्याही पुढे, वेगाने जाणाऱ्या होडीच्या नाळेपुढे पाणी वक्राकार उसळावे तशी, धनुष्याच्या आकाराची एक रेखीव कड. मॅक्सिम मार्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली या कडेची मोजदाद प्रसिद्ध केली. ती आघाततरंगाची कड आहे, म्हणजे वायूतून ध्वनीपेक्षा अधिक वेगाने काही घुसले असता त्याच्यापुढे वायू एकाएकी दाबला जाऊन तापतो ती सीमा. आपल्या वातावरणात ध्वनीहून वेगवान विमानापुढे हेच घडते. वायुशास्त्राचा नियम असा की, आघाताच्या अलीकडे आणि पलीकडे वायूची घनता किती पटीने बदलली हे कळले, तर आघाताचा वेग ध्वनीच्या किती पट आहे हे कागदावर काढता येते. अशा वायूत ही वाढ चौपटीच्या पुढे जाऊ शकत नाही. येथे ती सुमारे तिप्पट निघाली, आणि तिप्पट घनतेचा अर्थ ध्वनीच्या तिप्पट वेग असा होतो. त्या तप्त वायूत ध्वनीच मुळी सेकंदाला दीड हजारांहून अधिक किलोमीटर धावत असल्याने हिशेब सेकंदाला ४७०० किलोमीटर या आकड्यावर येऊन ठेपला. एका स्थिर चित्रातल्या उजेडाच्या पायरीवरून, तिकडे कोणीही न जाता, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या धावेचा वेग काढता यावा, ही मला आपल्या काळातील बुद्धीची फार मोठी कमाई वाटते.

खरी कमाई याच्यापुढे आहे. दोन समूह आदळतात तेव्हा त्यांतील तीनही घटक सारखे वागत नाहीत. दीर्घिकांच्या मधले अंतर त्यांच्या आकारमानाच्या मानाने इतके मोठे असते की त्या परस्परांना न लागता, दोन विरळ थवे एकमेकांतून उडून जावेत तशा, पार होतात. वायूला मात्र ही मुभा नाही. त्याचे मेघ समोरासमोर भिडतात, अडखळतात आणि मागे राहतात. म्हणजे टक्कर आटोपल्यावर दीर्घिका पुढे आणि वायू मधोमध अशी फाळणी झालेली असते. आता प्रश्न असा की वजन कोणाबरोबर गेले? दृश्य द्रव्यात वायूचे पारडे जड असल्यामुळे, विश्वात केवळ दृश्य द्रव्यच असते, तर गुरुत्वाकर्षणाचे केंद्र वायूपाशी सापडले पाहिजे. ते शोधण्याचे साधन निराळे आहे. कोणतेही जड द्रव्य आपल्या मागून येणाऱ्या प्रकाशाला किंचित वाकवते, त्यामुळे समूहाच्या पाठीमागच्या दूरस्थ दीर्घिकांच्या आकृती थोड्या ताणलेल्या दिसतात. अशा पुष्कळ आकृती मोजल्या म्हणजे मधल्या वजनाचा नकाशा तयार होतो. डग्लस क्लोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल दुर्बीण आणि चिलीतील मोठ्या दुर्बिणी यांच्या साहाय्याने हा नकाशा काढला, ‘चंद्रा’ने तब्बल १४० तास टिपलेल्या क्ष-किरणांच्या चित्रावर तो ठेवला, आणि २००६ च्या ऑगस्टात निकाल जाहीर केला: वजन वायूपाशी नव्हते, ते दोन्ही बाजूंना दीर्घिकांच्या सोबतीने पुढे निघून गेले होते.

एरवी प्रत्येक समूहात वायू, दीर्घिका आणि कृष्णद्रव्य एकाच केंद्राभोवती बसलेले असतात, त्यामुळे ‘जास्तीचे वजन वगैरे काही नाही, गुरुत्वाकर्षणाचा नियमच मोठ्या अंतरावर बदलत असेल’ असे म्हणणाऱ्यास निरुत्तर करणे कठीण पडे. या टकरीने त्यांना वेगळे करून दाखवले. जेथे दृश्य द्रव्य अधिक तेथे आकर्षण कमी, आणि जेथे ते कमी तेथे आकर्षण अधिक, असा दाखला हाती आल्यावर केवळ नियम बदलून भागत नाही. शिवाय कृष्णद्रव्याचे दोन्ही पुंज जवळजवळ अडथळ्याविना परस्परांतून पार झाले, त्या अर्थी त्याचे कण एकमेकांना फारसे अडवत नसावेत, ही पुढची पायरीही याच चित्राने गाठून दिली. कृष्णद्रव्याचा कण अद्यापि कोणत्याही प्रयोगशाळेत सापडलेला नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या साक्षीचे मोल कळते.

पंचनाम्यात पुढे एक दुरुस्ती झाली, आणि ती सांगितल्याविना ही हकिगत पुरी होणार नाही. ४७०० किलोमीटर हा वेग फारच मोठा होता. विश्वरचनेच्या मान्य सिद्धांताप्रमाणे इतका वेगवान समूह क्वचितच संभवावा, म्हणून काहींनी त्या सिद्धांतावरच आक्षेप घेतला. तेव्हा २००७ साली फोल्कर स्प्रिंगेल आणि ग्लेनिस फरार यांनी संगणकावर ही टक्कर घडवून दाखवले की, समोरचा वायूही गोळ्याच्या दिशेने ओढला जात असल्याने आघाताचा वेग आणि गोळ्याच्या वस्तुमानाचा वेग हे एक धरता येत नाहीत. वस्तुमान सेकंदाला सुमारे २७०० किलोमीटरनेच जात असावे. मूळ मोजणी चुकली नव्हती, तिचा अर्थ लावताना एक गृहीत निसटले होते. असाच वाद मृग नक्षत्राच्या भागातील एबेल ५२० या टकरीबद्दल झाला. तेथे दीर्घिकांविना कृष्णद्रव्याचा पुंज असल्याचे एका पथकाने २००७ साली म्हटले, आणि २०१२ साली दोन पथकांच्या नकाशांनी परस्परविरुद्ध कौल दिला. एका समूहाच्या पुराव्यावर सर्वस्वी विसंबू नये, हा धडा ज्योतिर्विदांनी त्यातून घेतला असावा.

प्रत्येक टकरीत आघाततरंगच दिसतो असे नाही. ‘चंद्रा’ने पहिल्याच काही महिन्यांत पाहिलेल्या एबेल २१४२ या समूहात दोन तीक्ष्ण कडा आढळल्या, आणि त्याही आघाताच्याच असतील असे प्रथमदर्शनी वाटावे, पण तापमान घेतले तेव्हा कडेच्या आतला दाट वायू बाहेरच्यापेक्षा थंड निघाला. आघातात दाट बाजू तापलेली असायला हवी. ही दुसऱ्या एखाद्या समूहाच्या गाभ्यातील थंड वायूची, वितळून न जाता टिकून राहिलेली सीमा होती. तिला शीतसीमा म्हणतात. थंड आणि तप्त वायू शेजारी शेजारी असून मिसळत कसे नाहीत, या प्रश्नाचे उत्तर बहुधा कडेवर ताणून बसलेल्या चुंबकीय क्षेत्रात आहे.

त्या चुंबकीय क्षेत्राची खूण क्ष-किरणांत दिसत नाही, रेडिओलहरींत दिसते, आणि येथे आपल्या जुन्नर तालुक्याचा संबंध येतो. आघाततरंग समूहाच्या काठाशी पोहोचतो तेव्हा तो इलेक्ट्रॉनांना प्रकाशाच्या जवळपास वेगाने पळवतो, आणि चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या त्या इलेक्ट्रॉनांपासून रेडिओलहरी निघून लक्षावधी प्रकाशवर्षे लांबीचा एक कमानदार पट्टा उमटतो. नारायणगावाजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांचा तो विस्तीर्ण पसारा, दीर्घ लहरींच्या या क्षीण पट्ट्यांसाठी जगातील अग्रगण्य साधनांत मोडते. ‘सॉसेज’ या टोपणनावाच्या समूहातील सुमारे पासष्ट लक्ष प्रकाशवर्षे लांबीच्या पट्ट्याचा जो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात खोडदची निरीक्षणे होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली क्ष-किरण दुर्बीणही २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वर बसून अवकाशात गेली, तिची दृष्टी ‘चंद्रा’इतकी तीक्ष्ण नाही, पण अशा दुर्बिणींचा आपल्या घरी झालेला तो आरंभ आहे.

एवढे झाले तरी पंचनाम्यात एक रकाना कोरा राहिला होता. चित्रातून वायूचा आकार कळतो, घनता कळते, तापमान कळते. पण वायू या क्षणी प्रत्यक्ष कोणत्या गतीने ढवळला जातो आहे, हे कळण्यासाठी लोहाच्या रेषेची रुंदी अतिसूक्ष्मपणे मोजावी लागते. त्यासाठी योजलेले यंत्र असे: निरपेक्ष शून्याच्या वर केवळ एक-विसांश अंश इतक्या थंडीत ठेवलेले इवलेसे चौकोन, ज्यांवर क्ष-किरणाचा एकेक कण पडला की ते लेशमात्र तापतात, आणि त्या लेशावरून कणाची ऊर्जा मोजली जाते. हे यंत्र अवकाशात नेण्यासाठी जपानी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी जे सोसले, ते वाचताना मन भरून येते. फेब्रुवारी २००० मध्ये त्याला घेऊन निघालेला उपग्रह अग्निबाणाच्या अपयशाने नष्ट झाला. जुलै २००५ मध्ये ‘सुझाकू’वर बसून ते सुखरूप वर गेले, आणि महिन्याच्या आतच त्याला थंड ठेवणारे द्रवरूप हेलियम उडून जाऊन निकामी झाले. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिसऱ्यांदा ‘हितोमी’ उपग्रह निघाला, ज्याच्या नावाचा अर्थ डोळ्याची बाहुली. त्याने ययातीतील समूह पाहिला, तेथील वायूची खळबळ सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर, म्हणजे अनेकांच्या अपेक्षेहून शांत, असल्याचे मोजले. आणि २६ मार्चला, आपण फिरत आहोत असा त्याच्या नियंत्रणयंत्रणेचा गैरसमज होऊन, ती चूक सुधारण्याच्या खटाटोपात तो खरोखरच गरगरू लागला आणि मोडून पडला. सोळा वर्षांच्या खटपटीची फलश्रुती काही आठवड्यांची निरीक्षणे.

ते थांबले नाहीत. ७ सप्टेंबर २०२३ रोजी तानेगाशिमा येथून ‘क्रिझम’ निघाला, आणि या वेळी यंत्र टिकले. त्याच्या मुखावरची एक झडप उघडली नाही, त्यामुळे कमी ऊर्जेचे किरण आत येत नाहीत. पण लोहाची रेषा अधिक ऊर्जेची असल्याने मुख्य काम अडले नाही. नरतुरंग मंडलातील समूहाच्या गाभ्यात वायू सेकंदाला १३० ते ३१० किलोमीटर वेगाने वाहत असल्याचे त्याने मोजले, आणि २०२५ साली ते प्रसिद्ध झाले. भरली घागर डोक्यावर घेऊन चालताना आतले पाणी हिंदकळते, तसा पूर्वी कधी झालेल्या टकरींनी हा वायू अजून हिंदकळतो आहे.

कोरा रकाना असा भरू लागला असताना, २०२४ साली नासाच्या अंदाजपत्रकात ‘चंद्रा’च्या खर्चात मोठी कपात सुचवण्यात आली, आणि जगभरच्या ज्योतिर्विदांनी तिला कळकळीने विरोध केला. त्यांचा विरोध रास्त होता. ‘क्रिझम’ गती सांगतो, पण त्याची दृष्टी स्थूल आहे; ती गती नेमक्या कोणत्या कडेची, हे अर्ध्या विकलेची दृष्टी असलेल्या साधनाखेरीज सांगता येत नाही, आणि क्ष-किरणांत तेवढी दृष्टी असलेली दुसरी दुर्बीण आज अवकाशात नाही. १९९९ पासून ‘चंद्रा’ आपले काम करीत आहे. तिचे आरसे आणि यंत्रे साथ देत आहेत तोवर तिचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकातून काढू नये.